ढाब्यावर गिऱ्हाईक स्वतःची बाटली आणतंय, काय करू?

हायवेला छोटा ढाबा आहे, मटण थाळी चांगली चालते, दारू आपण विकत नाही. पण रात्री लोक गाडीतून क्वार्टर काढतात आणि ग्लास, थंड पाणी, चखणा मागतात, नाही म्हटलं की उठून शेजारी जातात. विकतच नाही तर केस कशी होईल?

> होते भाऊ. दारूबंदी कायदा १९४९, कलम ६८. बसून प्यायला जागा दिली तरी मालक अडकतो, पिणाऱ्यावर कलम ८४. धाड पडली की टेबलावरचे ग्लास आणि उघडी बाटली थेट पंचनाम्यात.

> > गिऱ्हाइकाकडे पिण्याचं परमिट असेल तर?

> > > तरी ढाबा काय परमिट रूम होत नाही, त्याला एफएल-३, म्हणजे बसवून दारू पाजायचा सरकारी परवाना, लागतो. आणि त्याची फी छोट्या ढाब्याला झेपत नाही, हे सरकारने बघायलाच पाहिजे, नाहीतर लोक चोरून पिणारच.

> दादा, 'इथे दारू पिण्यास मनाई' असा दर्शनी बोर्ड लावा आणि ग्लास-सोडा देणं आजपासून बंद करा, चार गिऱ्हाइकं तुटतील पण बायकापोरांना घेऊन येणारे वाढतील, आमच्याकडे तसंच झालं.