वर्षाचा गहू आणि साठवणीचा कांदा : एकदम भरावा का?

सिडको_गृहिणी
चौघांचं घर. महिन्याला कांदा ६ किलो आणि गहू १५ किलो लागतो. एप्रिलमध्ये दोन्ही स्वस्त मिळतात, म्हणून एकदम भरायचा विचार आहे. कांद्याच्या ५० किलोच्या दोन गोण्या घ्याव्यात का? त्यासाठी लासलगावला जाणं परवडेल का?

निफाडकर
ताई, दोन गोण्या नकोत. नोव्हेंबरपासून लाल कांदा येऊ लागतो, तेव्हा मे ते ऑक्टोबरची सोय पुरे. ती ३६ किलोंची. समजा, ५० किलो २० रुपयांनी घेतला, १,००० रुपये झाले. वजनातली घट आणि सड मिळून ३० टक्के गेला तर हाती ३५ किलो, म्हणजे किलोला साडेअठ्ठावीस पडला. पावसाळ्यात भाव याच्या वर गेला तरच फायदा. लासलगावचा विचार सोडा. तिथे लिलाव गाडीभर मालाचा होतो आणि बोली व्यापारी लावतात. एका गोणीसाठी पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

घेताना उन्हाळ कांदाच घ्या. या दिवसांत रांगडाही (खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाचा कांदा) बाजारात असतो, तो दीड-दोन महिन्यांत मऊ पडतो. मान अंगठ्याने दाबून पाहा: बारीक, सुकलेली, मिटलेली हवी. जाड, ओलसर मानेचा कांदा तिथूनच सडतो. जोडकांदे आणि डेंगळे (मधे कडक दांडी असलेले) बाजूला काढा, ते आधी संपवायचे. गोल्टी (अगदी बारीक कांदा) स्वस्त पडते. सोलायचा कंटाळा नसेल तर खुशाल घ्या. बारदानाचं वजन वजा करायला लावा.

सिडको_गृहिणी
माळा नाही. बाल्कनी पश्चिमेला आहे, पावसाची झड आत येते.

निफाडकर
मग २५ किलोच घ्या आणि जुलैअखेर संपवा. दमट हवेत सड झपाट्याने पसरते. गोणीत बांधून ठेवू नका, बटाट्यांजवळ तर नकोच. लाकडी फळीवर किंवा पालथ्या क्रेटवर फूटभर थर पसरा, खालून वारा लागला पाहिजे. दर आठवड्याला हात फिरवा. वास आला की तो कांदा शोधून काढायचाच, त्याचं पाणी शेजारच्या चार कांद्यांना लागतं.

म्हसरूळ_०४
गव्हाचं गणित वेगळं आहे, तो नीट वाळवला तर वर्षभर टिकतो. लोकवन घ्या नाहीतर शरबती, पण आधी ५ किलो दळून पोळ्या करून पाहा आणि मगच पोती सांगा. भाव चाळलेल्या गव्हाचा विचारा. क्विंटलमागे २ किलो खडा-कचरा निघाला तर तेवढे पैसे मातीचे दिले.

दाणा दाताखाली कट्ट आवाज करून फुटला पाहिजे. नुसता चेपला तर ओल आहे. दोन कडक उन्हं द्या, पण तापलेला गहू लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर झाकणाला आतून घाम धरतो आणि वरच्या थराला बुरशी येते. कोठी काठोकाठ भरा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवूनच.

आणि एक हात जोडून सांगणं: धान्यात ठेवायच्या सल्फॉसच्या गोळ्या घरात आणू नका. त्यातून निघणारा वायू विषारी आहे, बंद फ्लॅटमध्ये जीव जातो.

सिडको_गृहिणी
गव्हासाठी १०० किलोची एकच कोठी आहे. उरलेले ८० किलो कुठे ठेवू?

म्हसरूळ_०४
घेऊच नका. १०० किलो साडेसहा महिने पुरेल. पुढचा दिवाळीनंतर लागेल तसा आणा. नवी कोठी विकत घेतली तर यंदाची बचत त्या पत्र्यातच जाईल.