एनटीएफएस डिस्क क्विक फॉरमॅट होऊन एक्सफॅट झाली, फोल्डर आणि नावांसकट डेटा परत मिळेल का?

निळापडदा

२ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही. एकच पार्टिशन, एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडून ठेवायची पद्धत). विंडोज १० मध्ये क्विक फॉरमॅट (जुना डेटा न पुसता फक्त नवी मांडणी लिहिणारं) होऊन ती एक्सफॅट, म्हणजे दुसऱ्या मांडणीची झाली. त्यानंतर साधारण दीड जीबी फाइली कॉपी झाल्या आणि मग डिस्क काढून ठेवली. आधी अंदाजे ९० हजार फाइली होत्या: जेपीजी, एमपी४, वर्ड, एक्सेल. रेकुव्हा या डेटा परत मिळवायच्या सॉफ्टवेअरच्या साध्या शोधात काही नाही, डीप स्कॅनमध्ये फोटो दिसतात पण नावं गायब. फोल्डरची रचना परत मिळू शकते का, की सरळ फोटोरेक (नावांशिवाय, फाइलींच्या आतल्या खुणांवरून त्या शोधणारं सॉफ्टवेअर) चालवू?

सेक्टरशून्य

फोटोरेक सगळ्यात शेवटी. तुमच्या केसमध्ये नावांसकट बराच डेटा मिळायला हवा.

एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव, तिचा फोल्डर आणि डेटा कुठल्या क्लस्टरांत (डिस्कवरच्या जागेच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यांत) आहे, हे सगळं एमएफटी नावाच्या तक्त्यात असतं. दर फाइलमागे १ केबीची नोंद, म्हणजे ९० हजार फाइलींना जवळपास ९० एमबी. विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या पार्टिशनवर हा तक्ता बहुतेक वेळा ७,८६,४३२ व्या क्लस्टरवर सुरू होतो. ४ केबीच्या हिशेबाने ही जागा सुरुवातीपासून ३ जीबी अंतरावर येते. एक्सफॅटचं क्विक फॉरमॅट मात्र अगदी पुढच्या भागातच लिहितं: १२८ केबीचे क्लस्टर असतील तर २ टीबीला फॅट (फाइलींच्या क्लस्टरांची साखळी नोंदणारा तक्ता) साधारण ६० एमबी, बिटमॅप (कुठले क्लस्टर भरलेत याची नोंद) २ एमबी, बाकी किरकोळ. त्यामागोमाग तुमचे दीड जीबी. म्हणजे लिखाण ३ जीबीच्या अलीकडेच थांबलेलं असण्याची शक्यता दाट आहे. आणखी दोनेक जीबी कॉपी झाले असते तर तक्त्यावरच घाला आला असता. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण निकाल लागतो तो कुठे काय लिहिलं गेलं यावर.

आता डिस्क विंडोजला पुन्हा जोडू नका. नुसती जोडली तरी विंडोज तिच्यावर थोडंफार लिहितं. लाइव्ह लिनक्सवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स), डिस्क माउंट न करता म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, मॅप फाइलसकट (कुठवर वाचून झालं याची नोंद). इमेज ठेवायची डिस्क २ टीबीपेक्षा मोठी हवी (दुसऱ्या २ टीबीवर बसेलच असं नाही) आणि ती फॅट३२ नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग इमेज, मग मॅप. हा क्रम उलटला की खेळ खलास, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी डिस्कचं मॉडेल आणि आकार ताडून बघा. १२० एमबी प्रतिसेकंद वेग मिळाला तर साडेचार-पाच तास लागतील.

पुढचं सगळं काम इमेजवर. डीएमडीई या डेटा परत मिळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये इमेज उघडून फुल स्कॅन लावा. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) अजिबात चालवू नका. ते आताची एक्सफॅट दुरुस्त करेल, जुन्या एनटीएफएसशी त्याला देणंघेणं नाही.

तबकडी

वरच्याशी सहमत, पण दोन गोष्टी आधी तपासा.

एक, स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न आलेले सेक्टर. ती शून्य नसेल तर डीडीरेस्क्यूची पहिली फेरी खरवडण्याचा टप्पा (खराब भाग सेक्टर-सेक्टर करून वाचण्याचा) वगळून करा आणि अडलेल्या जागांवर नंतर या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर वीज काढा, घरी काहीच करू नका.

दोन, डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) तर नाही ना? एसएमआर हार्ड डिस्कपैकी काही ट्रिम, म्हणजे जागा मोकळी झाल्याची सूचना, मानतात. तसं असेल तर क्विक फॉरमॅटच्या वेळी विंडोज 'ही जागा मोकळी' असं कळवतं आणि पुढे त्या जागा वाचल्या की नुसती शून्यं येतात. एसएसडीत नेमकं हेच होतं, म्हणून तिथे आशा फार थोडी. तुमच्या डीप स्कॅनमध्ये फोटो दिसले आणि ते उघडत असतील तर हा धोका टळला म्हणायचा.

आणखी एक आशा: एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते, एक्सफॅट आपली प्रत सुरुवातीलाच ठेवते. त्यामुळे जुनी प्रत शाबूत असू शकते, आणि एमएफटी कुठे सुरू होते ते तिच्यात लिहिलेलं असतं. एनटीएफएसवर पुन्हा एनटीएफएस फॉरमॅट झालं असतं तर तीही गेली असती.

निळापडदा

१९७ शून्य आहे, इमेज विनाअडथळा झाली. डीएमडीई दोन एनटीएफएस व्हॉल्यूम (पार्टिशन) दाखवतंय, एक १.८ टीबीचा आणि एक खूपच लहान. कुठला घेऊ?

सेक्टरशून्य

मोठा. लहान बहुधा एखाद्या जुन्या फॉरमॅटचा अवशेष किंवा डिस्कवर ठेवलेल्या इमेज फाइलच्या आतला असेल. मोठा उघडून आधी वेगवेगळ्या फोल्डरमधले वीस-पंचवीस फोटो काढून बघा. नावं बरोबर पण फाइली उघडत नसतील तर क्लस्टरचा आकार किंवा सुरुवातीची जागा चुकीची धरली गेली आहे. मोफत आवृत्ती एका वेळी एकाच फोल्डरमधल्या ४००० फाइली देते, चाचणीला तेवढ्या पुरे. फाइली दुसऱ्या डिस्कवर आणि छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये काढा, नाहीतर लांबलचक पाथमुळे काही अडतील.

तबकडी

नाव आणि आकार बरोबर आला म्हणजे फाइल चांगली, असं समजू नका. ज्यांचा डेटा पहिल्या दीड जीबीत होता त्यांचं नाव येईल, पण आत नवीन कॉपी केलेला मजकूर निघेल. वर्ड-एक्सेलच्या डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स फाइली आतून झिपच असतात, तेव्हा सेव्हन-झिपच्या टेस्टने शेकडो फाइली एकदम तपासता येतात. जेपीजीचा खालचा भाग करडा दिसला तर तो तुकडा गेला. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे ती सूची बऱ्याचदा फाइलच्या शेवटी असते. ती हरवली की बाकी सगळं असूनही व्हिडिओ चालत नाही. त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगवरचा धड व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर अनट्रंक या साधनाने दुरुस्तीचा प्रयत्न करता येतो.

उरलेल्यांसाठी मग फोटोरेक, तेही इमेजवर. ते नावं देत नाही, ५००-५०० फाइलींचे फोल्डर पाडतं आणि विखुरलेल्या फाइलींत अडखळतं. फोटोंना एक्झिफटूलने (फोटोत दडलेली माहिती वाचणारं साधन) तारखेवरून नावं देता येतील. ही छाननी होईपर्यंत मूळ डिस्क आणि इमेज दोन्हींना हात लावू नका.