तुमचा मोगरा उमलला का?

काल संध्याकाळी कुलूप काढतानाच वास आला. चपला न काढताच गच्चीत गेले, तर बटमोगऱ्याचं यंदाचं पहिलं फूल! संक्रांत झाल्यावर मी झाड गुडघ्याएवढं छाटलं होतं, उरलेली पानं ओरबाडली होती आणि आठ दिवस पाणी तोडलं होतं. शेजारच्या काकू हळहळल्या, "अगं, मारलंस की झाड!" पण मोगरा कळी धरतो ती नव्या फुटीवर. लांबलेल्या जुन्या फांद्या जपत बसलं की नुसती पानं येतात, हे मी चार उन्हाळे फुकट घालवून शिकले. ताण दिल्यावर कुंडीतली वरची माती काढून शेणखत भरलं आणि मग भरपूर पाणी दिलं. तुमच्याकडे काय खबर? कधी फुललं, काय केलंत आणि पहिलं फूल कुणाला दिलंत, सगळं लिहा. माझं देवघरात गेलं.

ठाणे : आमची बाल्कनी पश्चिमेची. दोन वर्षं झाड हिरवंगार, पण कळीचा पत्ता नाही. मी वाढावं म्हणून युरिया घालत होतो आणि झाडाला फक्त दीड तास ऊन मिळत होतं. या डिसेंबरात कुंडी ग्रीलवर टांगली, युरिया बंद केला, छाटणी केली. आता दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन मिळतं. कालपासून तीन कळ्या दिसतायत. ऑफिसला निघताना आणि आल्यावर मोजतो, तीनच आहेत, पण मोजल्याशिवाय राहवत नाही.

सांगलीजवळचं गाव : आमचा मोगरा हजारी, परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेला. आजेसासूबाईंनी लावला होता. पहिली ओंजळ पिण्याच्या पाण्याच्या माठात जाते, हा त्यांचाच रिवाज. फडक्यात सैल बांधून फुलं पाण्यावर सोडायची. रात्री टाकली की सकाळचा पहिला पेला पिताना उन्हाळा आल्याचं कळतं. गजऱ्यासाठी कळ्या मात्र दुपार कलल्यावर तोडायच्या, टपोऱ्या आणि पांढऱ्याशुभ्र झालेल्याच. हिरवट कळी तोडली तर ती उमलत नाही, तशीच सुकते. केळीच्या सोपटाचा ओला दोरा घेऊन गुंफला तर फुलाला काच बसत नाही. सासूबाईंचे हात आता थरथरतात, म्हणून मी गुंफते आणि त्या शेजारी बसून "घट्ट नको गं, घट्ट नको" म्हणत राहतात. यंदाचा पहिला गजरा मी त्यांच्याच अंबाड्यावर माळला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत बहर टिकू दे, एवढंच मागणं आहे.

नागपूर : पहिल्या कळ्या आल्या तशा जांभळट पडून गळायला लागल्या. नीट पाहिलं तर बारीक भोक, आत अळी. जाळं करून दोन-तीन कळ्या एकत्र चिकटवलेल्या. लागलेल्या सगळ्या कळ्या तोडून झाडापासून दूर नेऊन नष्ट केल्या आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोळवून फवारलं, आठवड्याने पुन्हा. दुसऱ्या फुटीच्या कळ्या निरोगी निघाल्या. आज सकाळी सात फुलं. आईच्या फोटोला वाहिली.

फोंडा : आमच्याकडे मोगरी आणि अबोली एकत्र गुंफून फाती करतात. अबोली दारात आहेच, मोगरीची वाट पाहत होते. काल पहिली फाती झाली, बोटभरच लांब.

न्यू जर्सी : इथे अजून बाहेर बर्फ आहे. माझी कुंडी ऑक्टोबरपासून दक्षिणेच्या खिडकीत. मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती असते, त्याआधी बाहेर काढता येत नाही. तुमचं वाचून कात्री घेतली आणि वाळक्या काड्या काढल्या. खाली बुंध्याशी एक लालसर फुटवा होता! सहा वर्षांत मार्चमध्ये फुटवा मी पहिल्यांदाच पाहिला. जूनमध्ये फूल आलं की इथेच येऊन लिहीन.

ठाणे : मीच पुन्हा. आज रात्री साडेनऊला पहिली कळी उमलली. बायकोला झोपेतून उठवलं. आम्ही दोघं ग्रीलजवळ उभे आहोत, दिवा लावलेला नाही.