शब्दचर्चा : ‘हलकाफुलका’ चित्रपट हलका असतो का?

चर्चाप्रस्ताव

गेल्या रविवारी भाचीबरोबर ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा २०१४ सालचा इंग्रजी चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. लहानपणी पृथ्वीवरून पळवून नेलेला आणि पुढे चोर झालेला एक मनुष्य, बोलणारा रॅकून, चालणारे झाड आणि त्यांच्यासारखीच आणखी दोन भरकटलेली माणसे अंतराळातल्या एका तुरुंगात एकत्र येतात आणि नाइलाजाने एका ग्रहाचे रक्षण करतात, अशी ही कथा आहे. दोन तास आम्ही मनमुराद हसलो. चित्रपट संपल्यावर भाचीने माझ्या वडिलांना उत्साहाने सांगितले, “आजोबा, एकदम हलकाफुलका सिनेमा होता.” त्यावर वडील म्हणाले, “हलके सिनेमे बघण्यात वेळ कशाला घालवता?” त्यांच्या लेखी ‘हलका’ म्हणजे कमी प्रतीचा, आणि भाचीच्या लेखी ‘हलकाफुलका’ ही शाबासकी होती. दोघेही मराठीच बोलत होते आणि आपापल्या परीने दोघांचेही बरोबर होते, म्हणून हा प्रश्न येथे मांडावासा वाटला.

‘हलका’ आणि ‘हलकाफुलका’ यांच्या अर्थांत नेमके काय अंतर आहे? शिवाय, ज्याला आपण सर्रास ‘सायन्स फिक्शन ॲक्शन’ म्हणतो, त्या अवकाशात घडणाऱ्या मारधाडीच्या चित्रपटाला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

आपल्या वडिलांचा आक्षेप भाषेच्या दृष्टीने अगदी साधार आहे. ‘हलका’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘लघु’, ‘लघुक’ यांत आहे. प्राकृतात ‘लहुअ’ असे रूप झाले आणि त्यातल्या ‘ल’ व ‘ह’ यांनी जागा बदलून ‘हलुअ’ हे रूप तयार झाले. ही अदलाबदल बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात नोंदवून ठेवली आहे. आपला ‘हळू’ हा शब्दही याच कुळातला आहे. ज्याचे वजन कमी ते ‘हलके’, आणि जी क्रिया जोर न लावता होते ती ‘हळू’. ‘पाळणा हलकेच हलवला’ या वाक्यात दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदताना दिसतात.

पण ‘लघु’ला जसा ‘क्षुद्र’ हा अर्थ चिकटला, तसाच तो ‘हलक्या’लाही चिकटला. हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचा, हलके काम, आणि शेवटी थेट शिवी म्हणून ‘हलकट’. वजन आणि प्रतिष्ठा यांची सांगड आपल्या भाषेत इतकी घट्ट आहे की माणसाचे समाजात ‘वजन असते’, शब्दाला ‘वजन येते’, आणि ज्याला ते नाही तो आपोआप ‘हलका’ ठरतो.

‘फुलका’ जोडला की हा सगळा कमीपणा गळून पडतो. ‘फुलका’ म्हटल्यावर तव्यावरून निखाऱ्यावर टाकताच टम्म फुगणारी पातळ पोळी डोळ्यांसमोर येते, आणि ‘फूल’ही मनात येते. यमक साधणाऱ्या अशा जोडशब्दांत दुसरा शब्द बहुधा पहिल्याची छटा ठरवतो. येथे तो ‘मी वजनाबद्दल बोलतो आहे, प्रतीबद्दल नाही’ असे बजावतो. म्हणून ‘हलकी माणसे’ म्हणजे निंदा, परंतु ‘हलकाफुलका माणूस’ असे कोणी म्हटले तर त्या माणसाच्या सहवासात बरे वाटते, असा अर्थ होतो.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तिसऱ्याच प्रयोगात आहे, आणि तो म्हणजे ‘मन हलके होणे’. हा प्रयोग आपण केव्हा करतो, ते पाहावे. मनावर आधी भार असावा लागतो. ज्याला दुःखच नाही, त्याचे मन हलके झाले असे कोणी म्हणत नाही. आपण ज्या चित्रपटाचा उल्लेख केला आहे, त्याची सुरुवात १९८८ सालच्या एका रुग्णालयात होते. आई मरणाच्या दारात आहे आणि तिने पुढे केलेला हात धरण्याचे धैर्य त्या लहान मुलाला होत नाही. पुढे दोन तास जी गंमत चालते, ती या प्रसंगावर उभी आहे.

विषय अंतराळाचाच आहे म्हणून तेथलेच उदाहरण देतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तेथे अंतराळवीर तरंगतात, म्हणून तेथे गुरुत्वाकर्षण नसते असा समज आहे आणि ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ असा चुकीचा शब्दही वर्तमानपत्रांत रूढ झाला आहे. वास्तविक त्या उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे पृथ्वीभोवती एकत्रच सतत ‘पडत’ असतात, म्हणून भार जाणवत नाही. ओढ तशीच असते, फक्त तिचा दाब जाणवत नाही. ‘हलकाफुलका’ हे विशेषण मी अशाच कलाकृतीला लावीन. जिच्यात ओढच नाही, तिला ‘पोकळ’ म्हणावे. तो शब्द आपल्याकडे आहेच.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन आवडले. मी फक्त प्रकाराच्या नावाविषयी लिहितो.

‘विज्ञानपट’ हा शब्द मला या ठिकाणी नकोसा वाटतो. ‘विज्ञानपट’ म्हटले की शाळेत दाखवतात तो हृदयाच्या झडपांवरचा किंवा ज्वालामुखीवरचा माहितीपट डोळ्यांसमोर येतो. ‘विज्ञानकथापट’ अचूक आहे, पण बोलताना जड जातो. त्यापेक्षा ‘अवकाशपट’ सुटसुटीत आहे, कारण ‘पट’ हा प्रत्यय ‘बोलपट’, ‘मूकपट’, ‘चरित्रपट’ यांमुळे आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

‘अवकाश’ की ‘अंतराळ’, हा वाद जुनाच आहे. व्यवहारात ‘अंतराळवीर’ आणि ‘अंतराळ स्थानक’ हे शब्द पक्के बसले आहेत, ‘अवकाशयान’ आणि ‘अंतराळयान’ दोन्ही चालतात. मूळ अर्थाने ‘अंतराळ’ म्हणजे दोहोंच्या मधली जागा. आपल्या जुन्या मंदिरांत सभामंडप आणि गाभारा यांना जोडणाऱ्या लहानशा भागालाही ‘अंतराळ’च म्हणतात. ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा, आणि मराठीत मोकळा वेळही. ‘गाडी सुटायला अजून अवकाश आहे’, ‘तो दारात येण्याचा अवकाश, की मुलांनी त्याला गराडा घातला’ ही वाक्ये आपण रोज बोलतो. सवडीने, पाय पसरून पाहण्याच्या चित्रपटाला ‘अवकाशपट’ म्हणताना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, म्हणून माझे मत ‘अवकाशा’च्या बाजूने आहे.

‘ॲक्शन’साठी ‘मारधाड’ आहेच. ‘धाड’ हा संस्कृत ‘धाटी’पासून आलेला शब्द म्हणजे चाल करून जाणे, छापा. परंतु ‘मारधाड’ ऐकल्यावर धाडधाड आवाज आणि फुटलेल्या काचाच आठवतात. त्याऐवजी ‘साहस’ हा शब्द मला येथे फार चपखल वाटतो. आज आपण ‘साहस’ कौतुकाने म्हणतो, पण धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणात ‘साहस’ हे गुन्ह्याच्या एका प्रकाराचे नाव आहे. बळजोरीने, उघडउघड केलेले दुष्कृत्य म्हणजे साहस. या चित्रपटातली मंडळी जुन्या अर्थाने साहसी म्हणून तुरुंगात जातात आणि नव्या अर्थाने साहसी होऊन बाहेर वावरतात. तेव्हा ‘अवकाश-साहसपट’ असे नाव मी सुचवतो.

इंग्रजीत या प्रकाराला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. हा शब्द १९४१ साली विज्ञानकथालेखक विल्सन टकर यांनी चक्क हेटाळणी म्हणून घडवला होता आणि पुढे तो सन्मानाने वापरला जाऊ लागला. ‘हलका’ शब्दावरून आपल्या घरी जे झाले, ते तेथेही झाले होते. त्याचे शब्दशः भाषांतर मात्र करू नये. मराठी वाचकाला त्यातून संगीत नाटकाची अपेक्षा निर्माण होईल.

आणखी एक छोटी गोष्ट. चित्रपटाच्या नावाचे ‘आकाशगंगेचे रक्षक’ असे भाषांतर मी वाचले आहे. ‘आकाशगंगा’ हे आपण ज्या दीर्घिकेत राहतो तिचे विशेषनाम आहे, सामान्यनाम ‘दीर्घिका’. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी ही दुसरी दीर्घिका आहे, दुसरी आकाशगंगा नव्हे. संस्कृतात ‘दीर्घिका’ म्हणजे लांबट तळे. ताऱ्यांच्या तळ्याचे रक्षक, ही कल्पना मला इंग्रजी नावापेक्षाही सुंदर वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. ‘मन हलके होणे’ हा धागा मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि पुढच्या रविवारी आमच्याबरोबर चित्रपट पाहण्याचे कबूल केले. त्यांना इंग्रजी संवाद भराभर समजत नाहीत, म्हणून भाची आणि मी निवडक संवाद मराठीत लिहून ठेवतो आहोत. ड्रॅक्स या पात्राला लक्षणा कळत नाही, तो प्रत्येक शब्द वाच्यार्थानेच घेतो. अलंकारिक बोलणे याच्या ‘डोक्यावरून जाते’ असे दुसऱ्याने म्हणताच तो ठामपणे सांगतो की त्याच्या डोक्यावरून काहीही जाऊ शकत नाही, तो चपळ आहे, वरच्यावर झेलील. हा वाक्प्रचार मराठीतही हुबेहूब असल्यामुळे येथे काहीच अडले नाही.

अडले ते ग्रूटपाशी. हे झाड संपूर्ण चित्रपटभर ‘मी ग्रूट आहे’ या अर्थाचे तीनच इंग्रजी शब्द बोलते. त्या तीन शब्दांसाठी ग्रूटला आवाज देणारे अभिनेते विन डिझेल यांनी इंग्रजीखेरीज इतर काही भाषांतही ध्वनिमुद्रण केले होते. शेवटी यान कोसळत असताना ग्रूट आपल्या फांद्यांचे कोटर करून सगळ्यांना आत घेतो. रॅकून रडत विचारतो, असे का करतोस, तू मरशील. तेव्हा ग्रूट ‘मी’च्या जागी अनेकवचनी सर्वनाम वापरतो. तेथे ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’? आणि ‘आहे’, ‘आहोत’ ठेवावे की ‘मी ग्रूट’ एवढेच पुरे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

‘आपण’, यात मला तिळमात्र शंका नाही. इंग्रजीत आणि हिंदीतही या ठिकाणी एकच सर्वनाम आहे आणि ऐकणाऱ्याला त्यात धरले आहे की वगळले आहे, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठीने, गुजरातीने, तसेच तमिळ आणि तेलुगूनेही हा भेद सर्वनामातच ठेवला आहे. ‘आम्ही ग्रूट आहोत’ असे म्हटले तर समोर रडणारा रॅकून बाहेर राहतो, फांद्यांचे कोटर त्याच्या तोंडावर बंद होते. ‘आपण’ म्हणताच तो आत येतो. ज्या वाक्यासाठी इंग्रजी प्रेक्षकाला फांद्या पाहाव्या लागतात, ते मराठी प्रेक्षकाला डोळे मिटूनही कळेल.

क्रियापद मात्र गाळू नका. ‘मी ग्रूट’ ही मराठीत ओळख करून देण्याची स्वाभाविक रीत आहे हे खरे, पण नुसत्या ‘आपण ग्रूट’ या शब्दांचे तीन अर्थ होतात. आदरार्थी ‘आपण’ घेतला तर ‘आपण ग्रूट आहात’, मुंबईच्या बोलीतला ऐटीचा ‘आपण’ घेतला तर पुन्हा ‘मी’च, आणि समावेशक घेतला तर ‘आपण ग्रूट आहोत’. हे तीन अर्थ ‘आहोत’मुळेच वेगळे होतात. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मी ग्रूट आहे’ असेच लिहावे, म्हणजे अखेरीस दोन्ही टोकांचे शब्द बदलतील आणि मधला ‘ग्रूट’ तेवढा जागचा हलणार नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

तसेच लिहिले आहे. भाचीने वहीत ‘आपण’खाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि रविवारी ते वाक्य आजोबांना तीच वाचून दाखवणार आहे.