हॅरिसच्या गाण्याबद्दलही बोलूया

अभिनेता रिचर्ड हॅरिसबद्दल लिहिताना त्याच्या दारूचे किस्से भरभरून आलेत, पण त्याचं गाणं एका ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. (शिवाय त्याला ब्रिटिश म्हटलंय, पण तो आयर्लंडमधल्या लिमरिकचा.) १९६८ साली त्याने गीतकार-संगीतकार जिमी वेबचं 'मॅकआर्थर पार्क' गायलं. सात मिनिटांहून लांबलचक गाणं, तरी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं! नीट ऐका, तो चक्क 'मॅकआर्थर्स' म्हणतो, वरच्या पट्टीत आवाज ताणला जातो, पण दुःख अगदी खरं वाटतं. गळा तयार असलेल्याला हे जमलंच असतं असं नाही. पुढे १९८१ मध्ये त्याने दारू सोडली. त्यानंतरचा १९९० चा 'द फील्ड' हा चित्रपट जरूर बघा. त्यातल्या हट्टी शेतकऱ्याच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर नामांकन मिळालं होतं.