इनडायरेक्ट स्पीचमध्ये हा 'दॅट' घुसतो कुठून?

चिपळूणची आई:
मुलगा नववीत, सेमी-इंग्रजी. चाचणीत इनडायरेक्ट स्पीचची तिन्ही वाक्यं चुकली. एक नमुना: द टीचर सेड टू मी, "व्हेअर डू यू लिव्ह?" याने लिहिलं, 'द टीचर टोल्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.' त्यावर लाल फुली, का ते नाही. गाईडातला काळांचा तक्ता तोंडपाठ आहे: इजचं वॉज, विलचं वुड. तरी वाक्य समोर आलं की गाडी अडते. मी मराठी माध्यमातली, दहावीनंतर ग्रामरचं तोंड पाहिलेलं नाही. कसं समजावू?

शिकवणीवाला:
ताई, तक्ता बाजूला ठेवा. माझ्याकडे दर वर्षी कुणीतरी हेच वाक्य लिहितं, आणि ते येतं मराठीतून. आपण म्हणतो, 'सरांनी विचारलं की तू कुठे राहतोस?' सरांचं वाक्य जसंच्या तसं, मधे फक्त 'की'. पोरं त्या 'की'चा 'दॅट' करतात, पुढचं तसंच ठेवतात.

सर्वनामांचंही तेच. 'बाबा म्हणाले की मी उद्या येईन.' यातला 'मी' कोण? बाबा. मराठीत कुणी अडखळत नाही. इंग्रजीत मात्र अवतरणचिन्हं काढली की तो 'आय' निरोप सांगणाऱ्याचा होऊन बसतो. म्हणून: फादर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.

घरी निरोप्याचा खेळ करा. तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून म्हणा, "आय ॲम मेकिंग टी." त्याने बाहेर जाऊन बाबांना इंग्रजीत सांगायचं. 'आय' म्हणाला तर बाबांनी विचारायचं, "अरे वा, चहा तू करतोयस?" दोन दिवसांत 'शी' यायला लागतं. (माझ्या पुतण्याला चार लागले.)

आता ते प्रश्नाचं वाक्य. व्हेअर, व्हाय, व्हेन असेल तर तोच शब्द जोडायचा, 'दॅट' नको. उत्तर हो-नाही असेल तिथे इफ किंवा व्हेदर. 'डू' गळतो, प्रश्नचिन्ह जातं, टोल्डऐवजी आस्क्ड येतं. द टीचर आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.

नुसताच वाचक:
लिव्ह्ड का? पोरगा अजून तिथेच राहतोय की!

शिकवणीवाला:
रास्त शंका. अजून खरं असेल तर बोलताना 'लिव्ह'ही चालतं. पण पेपरात काळ मागे न्यावा, उगाच मार्क कशाला घालवा. 'द सन राइजेस इन द ईस्ट' असलं कायमचं सत्य मात्र आहे तसं ठेवायचं. आणि रिपोर्टिंग व्हर्बच, म्हणजे 'म्हणाला', 'विचारलं' असलं अवतरणाबाहेरचं क्रियापदच, 'सेज' असेल तर काळाला हात लावायचा नाही. इथे तक्ता पाठ केलेली मुलं हमखास फसतात.

चिपळूणची आई:
आज खेळ केला. 'मदर टोल्ड दॅट शी वॉज मेकिंग टी' म्हणाला. शी आलं, वॉज आलं. तरी कानाला काहीतरी खटकतंय.

शिकवणीवाला:
'टोल्ड' खटकतंय. त्याच्या लगेच पुढे ऐकणारा माणूस लागतो: टोल्ड मी, टोल्ड हिम. माणूस नसेल तर सेड. बाकी पोरगं सुटलं.

चिपळूणची आई:
आता चहा पाहिजे असला की बापच विचारतो, "व्हॉट डिड मदर से?"