मदत हवी आहे: एअरबॅग रिकॉलचं काम अर्धंच झालंय आणि डीलर म्हणतो 'कम्प्लीट'

नमस्कार मंडळी,

गाड्यांमधलं आणि त्याहून जास्त सर्व्हिस सेंटरच्या कागदपत्रांमधलं कळणारं कुणी असेल तर प्लीज वाचा, जरा लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्या गाडीसाठी कंपनीकडून सेफ्टी रिकॉलचं पत्र आलं. पुढच्या दोन्ही एअरबॅगचे इन्फ्लेटर (अपघातात पिशवी फुगवणारा भाग) बदलायचे, म्हणजे स्टेअरिंगमधला एक आणि शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डमधला एक, काम फुकट, असं पत्रात स्वच्छ लिहिलंय. अपॉइंटमेंट घेऊन गाडी दिली, संध्याकाळी परत मिळाली, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला सगळं झालं. मी जॉब कार्डची कॉपी मागून घेतली आणि तिथेच उभं राहून वाचली तर त्यात एकच पार्ट नंबर आणि लेबरची एकच ओळ, दोन्ही ड्रायव्हर साइडचं. दुसऱ्या बाजूचं काय असं विचारलं तेव्हा कुठे तो म्हणाला की मॅडम तो पार्ट स्टॉकमध्ये नव्हता, आला की फोन करतो. मी विचारलं नसतं तर मला हे कळलंच नसतं, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागलीये.

फोन काही आला नाही, मीच करत राहिले. शेवटी पार्ट्स काउंटरवरच्या माणसाने खरं काय ते सांगितलं, की तुमच्या चॅसिस नंबरवर हे रिकॉल पूर्ण झालेलं दिसतंय त्यामुळे आता त्या नंबरवर इन्फ्लेटर ऑर्डरच करता येत नाही. घरी येऊन कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून बघितला तर तिथेही एकही रिकॉल बाकी नाही. म्हणजे उद्या मी ही गाडी विकली तर घेणाराही तेच बघणार आणि निर्धास्त होणार.

वर्कशॉप मॅनेजरला भेटले. तो म्हणतो सिस्टीमला कम्प्लीट आहे म्हणजे काम झालेलं आहे. जॉब कार्ड समोर ठेवलं तर म्हणे दुसरा पार्ट टाइप करायचा राहिला असेल. आता अ‍ॅडव्हायझर म्हणतो पार्ट नव्हता आणि मॅनेजर म्हणतो पार्ट बसवला, दोघांपैकी एकाचंच खरं असणार ना? कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी तक्रार घेतली आणि त्याच डीलरकडे पाठवून दिली, डीलरने 'काम पूर्ण' असं उत्तर दिलं आणि तक्रार बंद.

आईचे गुडघे दुखतात, मागे बसून पाय दुमडता येत नाहीत म्हणून ती कायम पुढेच बसते. नेमकी तीच सीट. त्यामुळे हे सोडून द्यायचा प्रश्नच नाही.

मला विचारायचंय की बंद झालेलं रिकॉल परत उघडता येतं का आणि ते कुणाच्या हातात असतं? दुसऱ्या अधिकृत डीलरकडे गेले तर तो हात लावेल का? आणि इन्फ्लेटर खरंच बदललाय की नाही हे बघायचं कसं, ग्लोव्ह बॉक्स काढला की दिसतो असं भाऊ म्हणतोय, काढून बघू का?

गियर_बदल
ताई, गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतोय ना? विझत असेल तर सिस्टीम ओके आहे, एवढं टेन्शन घेऊ नका.

पाना_पक्कड
गियर_बदल, हे कृपया कुणाला सांगू नका. तो दिवा फक्त वायरिंग, सेन्सर, कंट्रोल युनिट, सर्किटचा रेझिस्टन्स असल्या इलेक्ट्रिकल गोष्टी तपासतो. इन्फ्लेटरच्या आतलं रसायन खराब झालंय का हे त्याला कळायचा काही मार्गच नाही. दोष असलेला इन्फ्लेटर बसवलेला असला तरी दिवा व्यवस्थित विझणार.

ताई, आधी महत्त्वाचं: भावाला ग्लोव्ह बॉक्सला हात लावू देऊ नका. आतमध्ये स्फोटक आहे, घरी उघडायची वस्तू नाही. आणि फ्यूज काढून एअरबॅग बंद करायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. काम होईपर्यंत पुढची सीट रिकामी ठेवा, आईंना मागे बसवून पुढची सीट पूर्ण सरकवली तर पाय बऱ्यापैकी लांब करता येतील.

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये वॉरंटी क्लेमचं टेबल सांभाळलंय म्हणून आतली पद्धत सांगतो. रिकॉलचं काम तुम्हाला फुकट असतं पण डीलरला फुकट नसतं. काम झालं की डीलर चॅसिस नंबर, रिकॉलचा नंबर, वापरलेले पार्ट आणि लेबरचा कोड टाकून कंपनीकडे क्लेम लावतो, कंपनी त्याला पैसे देते, आणि तो क्लेम पास झाला की सिस्टीममध्ये 'कम्प्लीट' पडतं. म्हणजे 'कम्प्लीट'चा अर्थ क्लेम लागला एवढाच, कुणी येऊन तुमचा डॅशबोर्ड उघडून बघितलेला नसतो. आता दोनच शक्यता उरतात. एकतर त्यांनी एकाच बाजूचा क्लेम लावला आणि चुकून अख्खं रिकॉल बंद झालं, किंवा दोन्ही बाजूंचा लावून एकाच बाजूचं काम केलं. दुसरं असेल तर डीलरने कंपनीचेही पैसे घेतलेत, आणि अशा वेळी कंपनी ऐकते.

एक सांगा, पत्रात रिकॉलचा नंबर एकच आहे की दोन? ड्रायव्हर साइड आणि पॅसेंजर साइड अशी दोन वेगळी रिकॉल काढलेली असतात बरेचदा, तसं असेल तर सगळं गणित बदलतं.

धागाकर्ती
नंबर एकच आहे, आत्ताच परत वाचलं. खाली दोन्ही बाजूंची नावं आहेत. आणि वेबसाइटवर तोच नंबर पूर्ण म्हणून दिसतोय. भावाला सांगितलंय, हात लावणार नाही.

दूरचा_प्रवासी
ज्यांना हे किरकोळ वाटतंय त्यांच्यासाठी लिहितो. तुमच्या गाडीतला इन्फ्लेटर कुठला आहे मला ठाऊक नाही पण टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीचं प्रकरण ऐकलं असेल. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, गरम आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते खराब व्हायचं आणि मग एअरबॅग उघडताना हवं त्यापेक्षा फार जोरात पेटायचं. धातूची डबी फुटून तिचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या गळ्यात, छातीत घुसायचे. साध्या, वाचता येण्यासारख्या अपघातात माणसं गेली. पहिलं छोटं रिकॉल 2008 मध्ये झालं आणि मग ते वाढत वाढत जगभरात साधारण 10 कोटी इन्फ्लेटरपर्यंत गेलं, 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यात पार्टचा इतका तुटवडा होता की काही गाड्यांना तात्पुरता म्हणून त्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर बसवला आणि नंतर परत बोलावून दुसरा बसवावा लागला. म्हणून 'पार्ट नव्हता' हे कारण खरं असू शकतं, त्याबद्दल डीलरवर राग नाही. पार्ट नसताना झालं म्हणून सांगणं, यावर राग आहे.

पाना_पक्कड
एकच नंबर म्हणजे तुमची बाजू पक्की आहे. आता फोन बंद, सगळं लेखी. डीलरला ईमेल करा आणि त्याच ईमेलमध्ये कंपनीच्या ग्राहक विभागाला ठेवा, वेगळं वेगळं लिहू नका नाहीतर परत तेच फॉरवर्ड फॉरवर्ड चालेल. 'काम नीट झालं नाही' असं मोघम लिहिलंत तर मोघमच उत्तर येतं. असं लिहा:

'रिकॉल पत्रानुसार दोन इन्फ्लेटर बदलायचे होते. जॉब कार्डवर एकाच पार्टची नोंद आहे. पॅसेंजर साइडला बसवलेल्या इन्फ्लेटरचा पार्ट नंबर व सिरीयल नंबर, तो स्टोअरमधून कधी दिला गेला त्याची नोंद, आणि या चॅसिस नंबरवर लावलेल्या क्लेममधल्या पार्टची यादी द्यावी. ही माहिती नसेल तर रिकॉल पुन्हा खुलं करून राहिलेलं काम करावं. डीलरने सांगितल्यावरून माझी तक्रार बंद करू नये, कंपनीच्या तांत्रिक माणसाने गाडी प्रत्यक्ष पाहावी.'

पत्र आणि जॉब कार्ड दोन्ही जोडा. पार्ट नव्हता असं अ‍ॅडव्हायझरने सांगितलं ते तारखेसकट लिहा. स्टोअरची नोंद हा कळीचा मुद्दा आहे कारण पार्ट बसवला असेल तर तो आधी स्टोअरमधून निघालेला असणारच, आणि जुना इन्फ्लेटर धोकादायक माल म्हणून वेगळा पॅक करून ठेवायचा किंवा परत पाठवायचा असतो, त्याचाही कागद असतो. 'टायपिंगमध्ये राहिलं' हे उत्तर इथे चालत नाही.

बाकी रिकॉल उघडायचं बटण कंपनीकडेच असतं, डीलरने चुकीचा क्लेम रद्द केला तरी ते पास कंपनीच करते. दुसरा अधिकृत डीलर काम करू शकतो, पण आधी रिकॉल उघडायला हवं, नाहीतर त्यालाही पार्ट मागवता येणार नाही. गाडी उघडून बघायला मात्र त्याच्याकडे नेता येईल, आणि त्याने 'जुनाच पार्ट आहे' असं लेखी दिलं तर उत्तमच.

शांत_स्वभाव
यातूनही काही झालं नाही तर वाहन सुरक्षेचं सरकारी खातं आणि ग्राहक तक्रारीची यंत्रणा आहेच, तिथेही हेच कागद लागतात. त्यामुळे पाना_पक्कड म्हणतात तो ईमेल कुठल्याही परिस्थितीत आधी जाऊ दे.

धागाकर्ती
ईमेल जसाच्या तसा पाठवला होता. डीलरकडून अजून काहीच नाही, पण कंपनीकडून उत्तर आलंय की क्लेम तपासतोय आणि त्यांचा इंजिनिअर गाडी बघेल, गाडी त्याच डीलरकडे आणा. पहिल्यांदाच 'काम पूर्ण आहे' असं न लिहिता कुणीतरी बोललंय, खरंच खूप आधार वाटला, मनापासून आभार. आई सध्या मागे बसते, कुरकुर करते पण बसते.

आता एकच शंका, त्याच वर्कशॉपमध्ये जायचंय तर गाडी सोडून घरी यायचं नाही असं ठरवलंय. तपासणीच्या वेळी मी समोर थांबले तर चालतं का?

पाना_पक्कड
थांबा, आणि तसं आधीच ईमेलमध्ये कळवून ठेवा. बे मध्ये, म्हणजे गाडीवर काम चालतं तिथे, सोडणार नसतील तर काचेबाहेरून बघा, पण इंजिनिअरला जुन्या पार्टच्या लेबलचा फोटो तुमच्यासमोर काढायला सांगा. पार्ट बदलला तर नव्याचा सिरीयल नंबर जॉब कार्डवर आल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी पार्ट नसेलच, तर 'पॅसेंजर साइड बाकी' असं लिहून शिक्का घ्या आणि वेबसाइटवर रिकॉल परत बाकी दिसतंय का ते तिथेच मोबाइलवर बघून मगच निघा.